पानावरून उठू न देणारे काका

इंग्लंडमधल्या आमच्या मेडनहेडमध्ये माणसाला जेवायला बोलावून ओलीस धरणारा गृहस्थ एकच, आमचे शेजारचे काका. त्यांच्याकडे पानावर बसणं सोपं, उठणं महाकठीण. वडीलधाऱ्यांचं आटपेपर्यंत उठायचं नाही, हे पुण्याहून निघताना आईने मला बजावलेलं. आणि काका दहीभाताचा शेवटचा घास ताटात तसाच ठेवून तासभर बोलत राहणार! एकदा तर ऑफिसचा कॉल मी तिथेच घेतला. उजवा हात आमटीने माखलेला, म्यूटचं बटण कोपराने. "वर्क फ्रॉम होमच ना? मग हे होमच आहे," काका म्हणाले.

हे वेड त्यांना लावलं एका पुस्तकाने. लायब्ररीच्या सेलमधून त्यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतल्या कथांचा जाडजूड सचित्र संग्रह आणला. गोष्टी छोट्या, चित्रं पानभर. एका चित्रात बशा रिकाम्या, संत्र्यांच्या सालींचा ढीग, आणि अख्खं घर टेबलाभोवती बसलेलं. उठायचं कोणाच्या मनातही नाही. "जेवणानंतर असं बसून राहायला त्यांच्याकडे चक्क वेगळा शब्द आहे!" काका दर वेळी नव्याने सांगत. "अहो काका, आपणही हात वाळेपर्यंत बसायचोच की," मी म्हणे. "बसायचो रे. इथे डिशवॉशर आला आणि सगळं बोंबललं."

खरं म्हणजे त्यांना आम्हाला बसवायचं नव्हतंच. बसवायचं होतं मुलीला. ती जवळच ब्रॅकनेलला नोकरी करते. दर रविवारी येते, जेवते, फ्रिज भरते, जाते. काकू गेल्यापासून दोघांच्या तोंडून काकूंचं नावही निघालेलं नव्हतं. "ती बसली ना, की बोलेल," काका एकदा मला हळूच म्हणाले.

अशाच एका रविवारी मीही होतो. मुलीने ताट उचललं, तसं काकांनी ते चित्र तिच्यापुढे सरकवलं. "बाबा, प्लीज, मला ट्रॅफिक लागेल," म्हणता म्हणता ती थांबली. चित्राच्या कोपऱ्यात एक बाई गालावर हात ठेवून हसत ऐकत होती. "आई अशीच बसायची," ती म्हणाली, आणि ताट ठेवून खाली बसली. मग आईबद्दल बोलतच राहिली, हसत, मध्येच डोळे पुसत. आणि आमचे बोलघेवडे काका शेवटचा घास ताटात तसाच ठेवून नुसते ऐकत होते!

मी निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात तिने विचारलं, "बाबा, एकटे असता तेव्हा कुठे बसून जेवता?"

काकांनी ओट्याकडे बोट दाखवलं. "तिथेच, उभ्याने खातो गं. समोर कोणी नसलं की बसवत नाही."