न दमणारे साडू

आमचे साडू या जन्मात कधी दमतील असं मला वाटलं नव्हतं. कोरोनाच्या दिवसांत सगळं जग दमून बसलं होतं, तेव्हाही ते एकटे टवटवीत होते. इथे डच मुलखात मी उइटहॉर्नला, ते लायडनला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढाच आमच्यातला समान धागा. आठवडाभर लॅपटॉपसमोर मीटिंगा करून शनिवारी सकाळी मी पांघरुणात तोंड खुपसलं, की बरोबर त्यांचा फोन यायचा. "अरे, उठलास का? बाहेर काय सुंदर हवा आहे!" सुंदर हवा म्हणजे आडवा पाऊस आणि छत्री उलटी करणारा वारा. रेस्टॉरंटं बंद, कुणाकडे जेवायला जायची सोय नाही. सरकारने चालणं तेवढं उघडं ठेवलं होतं, आणि त्याबद्दल साडूंइतके सरकारचे आभार कुणीच मानले नसतील.

आखलेल्या वाटेने चालणं त्यांना कमीपणाचं वाटे. पाटी दिसली की ते नेमके उलट्या बाजूला, गुडघाभर गवतात, हाफ पँटीत शिरत. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे कुरकुरणाऱ्या दोघी बहिणी आणि सगळ्यांच्या मागे त्यांची लेक. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. घरी आल्यावर शाळेत शिकवल्याप्रमाणे ती स्वतःच्या गुडघ्यांमागे, कानांमागे गोचीड शोधायची आणि मग चिमटा घेऊन बाबांच्या मागे लागायची. "अगं, गोचीड म्हशीला होते. साताऱ्याच्या माणसाला तू गोचीड शिकवतेस?" "बाबा, इट्स नॉट फनी," ती म्हणायची. इथली कोवळी गोचीड खसखशीएवढी असते, चावलेली कळतही नाही आणि लगेच काढली तर बहुधा काही होत नाही, हे मला तिनेच सांगितलं. तोवर साडू पुढच्या शनिवारचा नकाशा उघडून बसलेले असत.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी एका शनिवारी फोन आला नाही. मी कूस बदलून पुन्हा झोपलो. पुढच्या शनिवारीही आला नाही, तेव्हा बायकोने तिच्या ताईला फोन लावला. साडू अंथरुणावर होते. मानेतून, पाठीतून कळा येत होत्या आणि जिना चढला की बसावं लागत होतं. कोरोनाच असणार म्हणून टेस्ट केली, तर निगेटिव्ह. पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. "त्यांची टेस्टच बिघडलीय," साडूंचं निदान. मग एका सकाळी पिता पिता अर्धा चहा त्यांच्या हनुवटीवरून शर्टावर ओघळला. ताईला वाटलं, नेहमीची घाई. लेकीने चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती किंचाळलीच. एक गाल खाली लोंबत होता आणि त्या बाजूचा डोळा मिटत नव्हता.

पक्षाघात समजून त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरबाईंनी मेंदूचा स्कॅन पाहिला, पक्षाघात नाही म्हणाल्या आणि विचारलं, "तुम्ही जंगलात जाता का?" साडूंना इतका आनंद झाला, की त्या वाकड्या तोंडानेच त्यांनी एकेक वाट सांगायला सुरुवात केली. मग रक्त तपासलं, पाठीतून पाणी काढलं आणि लाइम नावाचा आजार निघाला. गोचिडीने दिलेले जंतू मज्जातंतूंपर्यंत पोचले होते. चावलेल्या जागी लाल चट्टा पसरतो म्हणतात. साडूंना तो उठला नव्हता, किंवा उठला असला तरी त्यांनी पाहिला नव्हता. हा आजार असाच अंगात राहिला तर सांध्यांना, क्वचित हृदयालाही धरतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि ताईच्या डोळ्यांना धार लागली. लेक मात्र बाबांचा हात धरून बसून राहिली. साताऱ्याहून साडूंच्या आईचा फोन आला, "लाइम म्हणजे लिंबूच ना रे? मग आधी ते बंद कर." जन्मात पहिल्यांदाच आईशी वाद न घालता साडूंनी लिंबू बंद केलं. आम्हाला खरी काळजी तेव्हा वाटली.

शिरेतून अँटिबायोटिक्स दिली. तोंड हळूहळू जागेवर आलं, थकवा मात्र मुक्कामाला राहिला. आंघोळ केली की झोपावं लागे, भाजी आणली की झोपावं लागे. इंटरनेटवर कुणी काढ्याची हमी देत होतं, कुणी महिनोन्महिने अँटिबायोटिक्स घ्या म्हणत होतं. साडूंनी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उपचार पूर्ण झालेत. आणखी औषधाने थकवा जाणार नाही. वेळ द्यावा लागेल." "किती?" "ते मलाही सांगता येणार नाही." साडूंना आयुष्यात एवढं अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं.

वसंतात एकदा मीच त्यांना बाहेर काढलं. कालव्याकाठचा सपाट, फरसबंद रस्ता, आम्ही दोघंच. पहिल्याच बाकापाशी ते थांबले. "बसू या?"

बसलो. ते बदकांकडे पाहत होते. मग म्हणाले, "अरे, दमणं म्हणजे हे असं असतं होय? मला वाटायचं, तुम्ही सगळे कंटाळा करता."

"थोडा कंटाळाही असायचा," मी म्हणालो.

ते हसले. त्यांचं हसू डाव्या गालापर्यंत अजूनही जरा उशिराच पोचतं. आणखी काहीतरी सांगता सांगता त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली आणि ते झोपी गेले. कुत्रा घेऊन निघालेल्या एक डच आजीबाई आमच्याकडे पाहून मान हलवून गेल्या. ऊन उतरलं, पाण्यावरून गार वारा यायला लागला. माझा खांदा अवघडला होता. मी जाकीट हळूच काढून त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं आणि तसाच बसून राहिलो.