छातीएवढी नवार

मैदानावर चुन्याची फक्की मारताना तो कोरडा वास नाकात गेला, की बिंदुसरा धरणाजवळच्या शाळेतलं एक उद्घाटन आठवतं. पहिलीच्या पोरांसाठी मी छोटं टेनिस कोर्ट आखलं होतं. सुताराकडून रॅकेटींच्या मुठी कापून आखूड करून घेतल्या होत्या आणि नेट म्हणून बाजेची नवार पोरांच्या कमरेएवढी बांधली होती. उद्घाटनाला आलेले पुढारी ती बघून चिडलेच. “हे काय टेनिस हाय? वर घ्या.” नवार माझ्या छातीला लागेपर्यंत त्यांचं “आजून वर” चालू होतं. मग रॅकेट घेऊन उभी असलेली एक पोरगी न वाकता नवारीखालून चालत आली आणि रॅकेट त्यांच्यापुढं धरून म्हणाली, “मंग तुमीच खेळा.” त्यांनी धरून पाहिली, पण एवढीशी मूठ त्यांच्या हातात बसेना. कोर्ट मी अजूनही आखतो, उद्घाटन तेवढं ठेवत नाही.