कोनाड्याचा पंचनामा

नाना कधी कुठे हात जोडत नसत. पण देवळात असो की दर्ग्यात, हात पाठीशी बांधून इतके अदबीने उभे राहत, की पुजारी आधी त्यांनाच प्रसाद देई. नाना म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून. कंपू, म्हणजे जुन्या लष्करी छावणीतल्या आमच्या मोहल्ल्यात त्यांना 'पंचनामेवाले' म्हणत, आणि त्याला कारण मीच होते.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची. "तुझ्या घरी उपाशी राहतील," म्हणत आत्या आईचे देव उचलून घेऊन गेली, अगदी कापराच्या डबीसकट. नानांनी अडवलं नाही. भिंतीतला देवांचा कोनाडा तेवढा रिकामा राहिला. मग दर रविवारी नाना मला एकेका देवाच्या दारी नेत आणि घरी आल्यावर वही पुढे टाकत. "कर पंचनामा. पाहिलंस ते एकीकडे, ऐकलंस ते दुसरीकडे."

दर्ग्यावरून आल्यावर मी लिहिलं, 'हिरवी चादर, अगरबत्त्या, एक बाई रडत होती. बाबा सगळ्यांचं ऐकतात.'

"ऐकताना तू पाहिलंस?"

"नाही. ती बाई म्हणाली."

मी खोडायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "खोडायचं नाही. 'असे बाईंचे म्हणणे' एवढं जोड. ती एवढी रडली ते काय उगाच?"

शेजारच्या चाची हसायच्या, "बिटिया से भगवान का भी पंचनामा कराओगे, भाईसाब?" नाना मान डोलवून आत यायचे.

एकदा दिवेलागणीला त्या रिकाम्या कोनाड्यातून कापराचा वास आला. आईच्या आरतीची वेळ ती. मी नानांना हाक मारली. नाना स्टुलावर चढले, कोनाड्यात डोकं घालून पाहिलं, चाचींकडे विचारून आले. कुणीही कापूर लावला नव्हता.

"आई येते का?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"मग येत नाही म्हणा."

"तेही माहीत नाही, बाळ."

असा संताप आला मला त्यांचा! इतरांचे वडील निदान 'आई देवाघरी गेली' म्हणून मोकळे होतात. मला हो नाहीतर नाही, एवढंच हवं होतं. नानांनी वही उघडून लिहिलं, 'कापराचा वास आला. दोघांना आला. कारण समजले नाही.' खाली सही केली, माझी घेतली. म्हणाले, "एकट्याचं कोणी मानत नाही. दोन पंच लागतात."

भिंतीला चुना दिला, तरी वास यायचा तो आलाच. कधी महिन्याने, कधी लागोपाठ दोन दिवस. कोनाड्याकडे पाठ करून बसायची माझी छाती होत नसे.

त्या वर्षांत आमचं संस्थान मोडून नवं राज्य झालं, तेही मोडून आणखी नवं झालं. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, मोठं कोर्ट जबलपूरला गेलं, आणि नानांचीही बदली झाली. सामान टांग्यात चढलं. मी मात्र कोनाड्याखाली बसून राहिले. आई आली आणि आपण नसलो तर? तिला कोण सांगणार आपण कुठे गेलो ते?

नानांनी समजूत घातली नाही. खिशातून कागद काढला, सुवाच्य अक्षरात जबलपूरचा पत्ता लिहिला आणि कोनाड्यात ठेवून वर एक खडा ठेवला.

"म्हणजे ती येते?"

"माहीत नाही, म्हणून तर ठेवतोय," नाना म्हणाले. मी उठले.

जबलपूरच्या घराला कोनाडाच नव्हता. नाना तिथे वीस वर्षं राहिले, पण तो वास एकदाही आला नाही. मी विचारायचं सोडलं होतं, आणि नाना आपणहून काही बोलणाऱ्यांतले नव्हते.

नाना गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही कसलेच विधी केले नाहीत. घरात कापूर आणलाच नव्हता. चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी त्यांच्या खोलीत एकटीच कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि वास आला. तोच.

मी सगळ्या खिडक्या पाहिल्या, शेजारी विचारून आले. मग ती जुनी वही काढली आणि हाताच्या सवयीने लिहून गेले, 'कापराचा वास आला. दोघांना आला. कारण समजले नाही.'

खाली सही माझी एकटीचीच आहे. 'दोघांना' मात्र मी अजून खोडलेलं नाही.