कागदाची मागची बाजू

चाकणच्या एका कंपनीत मी गेली बावीस वर्षं क्वालिटीत आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातली खोट काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. ओतीव भागांना आतून जी भोकं असतात, त्यांत एक बारीक नळी सारायची. नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. आत कुठे चीर आहे का, बुडबुडा राहिलाय का, ते पडद्यावर बघत बसायचं. माल बरोबर असला तर हिरवं लेबल, बाद असला तर लाल, आणि छातीठोक सांगता येत नसेल तर पिवळं. पिवळं लेबल लागलेला माल कोपऱ्यात पडून राहतो, निकाल लागेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.

त्यामुळे कोलोनोस्कोपी म्हणजे काय, हे डॉक्टर समजावून सांगायला लागले तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवलं. "कळलं. फक्त नळी किती मिलिमीटरची आहे तेवढं सांगा." डॉक्टर हसले. शेजारी बसलेली माझी बायको हसली नाही.

तिच्या न हसण्याला कारण होतं. सहा महिने मला अधूनमधून रक्त पडत होतं आणि मी तिला पत्ता लागू दिला नव्हता. माझ्या वडिलांनीही हेच केलं होतं. दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत ते रोज सकाळी संडासातून बाहेर यायचे आणि कुणी काही विचारायच्या आधीच म्हणायचे, "मूळव्याध आहे, दुसरं काय!" अशी दोन वर्षं गेली. शेवटी तपासणी झाली तेव्हा आतड्याचा कॅन्सर सगळीकडे पसरलेला होता. ते गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना कपड्यांमागे इसबगोलचा डबा सापडला. माझा धाकटा भाऊ तो डबा हातात धरून ढसाढसा रडला. मला मात्र वडिलांचा राग आला होता, तो बरीच वर्षं टिकला.

आणि इतका रागावलेला मी, माझ्यावर वेळ आली तेव्हा गुपचूप इसबगोल घेऊन आलो आणि डबा कपाटात कपड्यांमागे ठेवला. घाबरलो होतो, बाकी काही कारण नाही. इस्त्रीचे कपडे ठेवताना तो बायकोच्या हाताला लागला. ती ओरडली नाही, रडली नाही. डबा माझ्यापुढे जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अहो, हा कुठे सापडला ते सांगू, की तुमचं तुम्हाला आठवतंय?"

तपासणी शुक्रवारची ठरली. कंपनीला सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे तयारीचा दिवस फुकटात मिळाला आणि शुक्रवारची रजा मी 'घरचं काम' म्हणून टाकली. हॉस्पिटलने एक छापील कागद दिला होता. आदल्या दिवशी जेवण बंद, फक्त पातळ आणि स्वच्छ पेयं घ्यायची. संध्याकाळी पावडर कालवलेलं दोन लिटर पाणी, पहाटे आणखी एक लिटर. स्वच्छ म्हणजे कसं, तेही दिलं होतं. पेल्यातून छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत. ही अट मला फार आवडली. मोजता येईल अशी अट होती.

गुरुवारी सकाळी पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की टँकर उशिरा येईल, पाणी जपून वापरा. मी निरोप वाचून बायकोकडे बघितलं. तिने बादल्या, टब, हंडा, पिंप असं सगळं भरून घेतलं. शेवटी कुकरसुद्धा भरला. आज सबंध सोसायटीत पाण्याची सर्वात जास्त गरज कुणाला आहे, हे ग्रुपवर टाकू का, असंही तिने विचारलं.

मी डायनिंग टेबलावर पेपर पसरला आणि एकेक पेला त्यावर ठेवून तपासणी सुरू केली. डाळीचं पाणी नापास. ताक बघायचीही गरज नव्हती. शहाळ्याचं पाणी पास. मग बायकोच्या माहेराहून, राजापूरहून आलेलं कोकम सरबत. दर मे महिन्यात त्याच्या दोन बाटल्या येतात. चांगलं पातळ केलेलं सरबत पेल्यात घेतलं आणि तळातून माझं राशिभविष्य स्वच्छ वाचता आलं. 'प्रवास शक्यतो टाळा.' तसाही कमोडपासून दहा पावलांपलीकडे जाण्याचा माझा विचार नव्हता. कोकम पास.

संध्याकाळी पावडरचं पाणी प्यायला बसलो. खारट पाण्याला लिंबाच्या साबणाचा वास, अशी ती चव होती. पहिला पेला अभिमानाने प्यायलो, दुसरा नाक दाबून. तिसऱ्याला मी त्यात कोकम ओतलं आणि स्वतःच्याच अकलेवर खूश झालो. त्यानंतरचं काही सांगत नाही. एवढंच सांगतो की टँकर येईपर्यंत कुकरसुद्धा रिकामा झाला.

पहाटे उरलेलं लिटरभर पाणीही कोकम घालूनच संपवलं. थोड्या वेळाने आत गेलो आणि उठून खाली बघितलं तर कमोडमधलं पाणी लालसर होतं. अधूनमधून दिसायचे तसे दोन-चार थेंब नव्हते, सगळंच पाणी लाल होतं.

मी पुन्हा बसलो. मला वडील दिसले, संडासाचं दार उघडून बाहेर येणारे. आत ते काय बघून येत असतील आणि बाहेर येईपर्यंत चेहरा कसा ठीकठाक करत असतील, हे मला पहिल्यांदाच कळलं. त्यांच्यावरचा राग तिथेच गळून पडला.

"अहो, आणखी बादली देऊ का?" बाहेरून बायकोने विचारलं.

माझ्याही तोंडावर आलं होतं, काही नाही गं, मूळव्याध आहे. पण मी दार उघडलं. "लाल आहे," म्हटलं. "सगळं लाल आहे गं."

ती आत आली. तिने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेली. परत आली ती हॉस्पिटलचा कागद घेऊन. तो तिने उलटला आणि मोठ्याने वाचला. "लाल किंवा जांभळ्या रंगाची पेये घेऊ नयेत. तपासणीत रक्ताचा गैरसमज होऊ शकतो."

कागदाला मागची बाजू होती. गेली बावीस वर्षं मी कंपनीत ज्याला त्याला झापतोय, की ड्रॉइंग उलटून बघितलं का? घरी येऊन त्याच्या फुशारक्याही मारतोय. बायकोने कागद तेवढा दोन वेळा हलवून दाखवला. मग आम्ही दोघं त्या एवढ्याशा बाथरूममध्ये हसत सुटलो आणि हसता हसता मला रडू आलं.

हॉस्पिटलमध्ये सिस्टरने विचारलं, "लाल काही घेतलं नाही ना?" मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "कोकम! दोन बाटल्या!" ही अतिशयोक्ती होती, एकच बाटली संपली होती. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, धुऊन घेऊ.

पडदा मला दिसेल असा ठेवा, म्हणून मी हट्ट धरला होता. स्वतःला आतून बघताना फार अपमान वाटेल असं वाटलं होतं, पण आत सगळं गुलाबी आणि गुळगुळीत होतं. ओतकाम चांगलं होतं. एका वळणावर मला छोटासा उंचवटा दिसला आणि मी म्हटलं, "थांबा, डावीकडे बघा!" डॉक्टर सांगतात की तोवर मी गुंगीत घोरत होतो. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

तो मांसाचा कोंब त्यांनी तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवला. पुढचे आठ दिवस मी पिवळ्या लेबलाचा माल होतो. कंपनीत मी कुणालाच झापलं नाही, आणि लोक एकमेकांना विचारायला लागले की यांना झालंय काय!

रिपोर्ट चांगला आला. "आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर मी एवढ्या आरामात बोललो नसतो," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सख्खी भावंडं आहेत? त्यांचीही तपासणी करून घ्या."

धाकटा भाऊ अजून दापोडीतच राहतो आणि भोसरीत एका वर्कशॉपला आहे. बायकोबरोबर बाहेर येऊन पार्किंगमधूनच त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कोकमाचं ऐकून तो खो खो हसला. मग मी तपासणीचा विषय काढला.

"मला कशाला, दादा?" तो म्हणाला. "मूळव्याध आहे, दुसरं काय!"

बायकोने माझा चेहरा बघितला आणि फोनला कान लावला.

"इसबगोलचा डबा कुठे ठेवलायस?" मी विचारलं.



"तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

"गुरुवारी तुला सुट्टी आहे ना," मी म्हटलं. "मी येतोय."