फिकट फोल्डर

आडेभाऊ गेल्याचा निरोप आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी तो खोटा धरला. हार घातलेला फोटो, खाली जोडलेले हात आणि सोबत एक फाइल. पाठवणाऱ्याचा नंबर माझ्या ओळखीचा नव्हता. अनोळखी नंबरवरून आलेली फाइल उघडायची नाही, मग ती लग्नाची पत्रिका असो की कुणाच्या मरणाची, हे मला शिकवलं होतं खुद्द आडेभाऊंनीच. म्हणून मी त्या फाइलला बोटही लावलं नाही आणि सरळ त्यांच्याच नंबरवर फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. चार-पाच रिंगा गेल्या. आता उचलतील आणि नेहमीसारखं म्हणतील, "बोला बाई, आज काय बिघडोलं?" असं वाटत होतं... फोन त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी उचलला. त्यांचा आवाज ऐकल्यावर काही विचारायची गरज उरली नाही. सकाळी अंगणात दात घासताना छातीत कळ आली, खाली बसले, आणि यवतमाळला न्यायला गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

प्रल्हाद आडे हे नाव पांढरकवड्यात घरोघरी माहीत होतं ते कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस म्हणून. गावाबाहेरच्या तांड्यात त्यांचं घर. आधी एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात ऑपरेटर होते, तिथेच मशीन उघडून बघायची खोड लागली, आणि नोकरी सुटल्यावर त्या खोडीचाच धंदा झाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त मास्तरीण. स्वभावानं संशयी, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा, गॅसच्या टाकीचं सील, सगळं मी दोनदा तपासते. माझे यजमान म्हणतात, हिला शाळेत नेमून सरकारनं पोलीस खात्याचं नुकसान केलं.

आमची पहिली भेट झाली ती माझ्याच घाबरगुंडीमुळे. एका दुपारी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि एक बाई बजावून सांगू लागली की तुमच्या संगणकात व्हायरस शिरलाय, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा. मी नंबर लावतच होते, तेवढ्यात यजमानांनी आडेभाऊंना बोलावून आणलं. त्यांनी आत येऊन आधी इंटरनेटची वायर उपटली, मग बटण दाबून मशीन बंद केलं. भोंगा थांबला. मला म्हणाले, "बाई, खरा व्हायरस बोंबलत नाही. तो गुमान बसून राह्यते. हा जो बोंबलून राह्यला ना, हा चोराचा फोन नंबर हाय." मग त्यांनी तीन तास बसून मशीन धुऊन काढलं. मशीन चालू होताना कोण कोण आपोआप उठतं याची यादी उघडली आणि एकेकाला हाकललं. 'कॉम्प्युटर फास्ट करा' म्हणून मी मोठ्या हौसेनं घेतलेला फुकट प्रोग्रॅम काढला. दोन अँटिव्हायरस होते, त्यातला एक काढला. दोन जावा एका चुलीपाशी बसवल्या तर सैपाक होत नाही, भांडणंच होतात, असं वर ऐकवलं. शेवटी झाकण उघडून रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली, तर आतून दसऱ्याच्या पूजेच्या अक्षता आणि कुंकू निघालं. मी दर दसऱ्याला मशीनची पूजा करायची आणि भक्तिभावानं अक्षता टाकायची त्या नेमक्या हवेच्या जाळीवर. आडेभाऊ हसले नाहीत. "पूजा करा, पण याचं तोंड फडक्यानं झाकून," एवढंच म्हणाले.

त्यांची शिकवणी अशी चालायची. कुणाचाही पेन ड्राइव्ह लावायच्या आधी तपासायचा, मग तो हेडमास्तरांचा का असेना. मशीन 'अपडेट करू का' विचारतं तेव्हा 'नंतर' म्हणायचं नाही. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. "कोणावर भरोसा नका ठेवू बाई," ते म्हणायचे, "माह्यावर बी नका ठेवू." हा शेवटचा धडा मी सगळ्यात मनापासून गिरवला. माझ्या मनात त्यांच्याबद्दल शंका होत्याच. हा माणूस मशीन दुकानात का नेत नाही, आपल्याच घरात चार-चार तास ठाण मांडून का बसतो? बोलता बोलता घरातल्या सगळ्या गोष्टी कशा काय काढून घेतो? खिशातून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढून आपल्या मशीनला लावतो, त्यात काय भरून नेतो? महत्त्वाचं असेल ते वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवा, असा त्यांनी माझ्या मागे लकडा लावला होता. मी ती डिस्क घेतली नाही. म्हटलं, याचं दुकानदाराशी साटंलोटं असणार.

आणि माझ्याकडे महत्त्वाचं होतं ते एकच. माझे वडील मारेगावला राहायचे. त्यांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवायची आणि नंतर कॉम्प्युटरवर घ्यायची. त्यात विशेष काहीच नव्हतं. एसटी उशिरा आली, तुरीला बार कमी आहे, शेजारच्याची गाय पुन्हा कुंपणात शिरली, आज वरण खारट होतं. पण तो त्यांचा आवाज होता, मध्ये मध्ये खोकला, आणि प्रत्येक वाक्याआधी 'हे पाय माय', म्हणजे हे बघ पोरी, म्हणायची सवय. तो मोबाइल पुढे पाण्यात पडून गेला. राहिलं ते मशीनमधलं 'बाबा' नावाचं फोल्डर.

दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका मैत्रिणीनं मराठी फॉन्ट दिला. तो फॉन्ट तालुक्यातल्या निम्म्या शाळा फिरून आलेल्या पेन ड्राइव्हवर होता. मैत्रिणीवर कसला संशय घ्यायचा, म्हणून मी तपासला नाही. दुसऱ्या दिवशी माझी सगळी फोल्डरं दिसत होती, पण उघडत नव्हती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण आला होता. आडेभाऊ रविवारी सकाळी आले. दुपारपर्यंत त्यांनी व्हायरस मारला. मग पडद्यावर प्रत्येक फोल्डर दोनदा दिसायला लागलं. एक ठसठशीत, एक फिकट, उन्हात विटलेल्या कापडासारखं. तेवढ्यात लाइट गेली. तासभर वाट पाहून ते उठले. "बाई, उद्या येऊन पुरं करतो. दोन-दोन दिसतीन. कायलेच हात लावू नका."

संध्याकाळी लाइट आली. मी मशीन लावलं, नुसतं बघायला. ती फिकट फोल्डरं बघून मला कसंतरी झालं. ही व्हायरसची पिलावळ दिसते, रात्रभर राहिली तर आणखी पसरेल... आणि हा माणूस ती मुद्दाम ठेवून गेला असेल, उद्या पुन्हा यायला कारण हवं म्हणून. मी एकेक फिकट फोल्डर निवडून काढलं आणि पुसलं. मग त्यांनीच शिकवल्याप्रमाणे कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मोठ्या समाधानानं दोन तास भजनं ऐकत बसले, काही डाउनलोडही केली.

सोमवारी ते आले आणि मशीन लावून बसले. ठसठशीत फोल्डर एकही उघडेना. त्यांनी पुसलेलं परत काढायचा एक प्रोग्रॅम चालवला. दीड-दोन तास तो चालला. नावं सापडली, पण एकही आवाज वाजेना. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, काल सांजच्याला तुमी यात काही केलतं का?"

मी म्हटलं, "नाही."

हात लावू नका म्हटलेलं असताना लावला, हे मास्तरणीनं कबूल कसं करायचं? आणि मी तर घाण काढली होती, चांगलं काही थोडंच काढलं होतं, अशी माझी समजूत. ते "बरं" म्हणाले. मग मीच सुरू झाले. तुम्हीच उडवलं असेल, कबूल करत नाही. तुमच्या त्या पेन ड्राइव्हमध्ये घेऊन गेला असाल तर परत द्या. यजमान मला थांबवत होते. आडेभाऊंनी आपली पिशवी भरली, चहा तसाच ठेवला आणि गेले. मी तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण मी गल्लीतल्या चार घरी सांगितलं की आडेला घरात घेऊ नका, तो सामान गायब करतो. चारही घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं. पुढे एकदा बाजारात समोरासमोर आलो तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही. मला वाटलं, मनात चोर आहे म्हणूनच नजर चुकवतो.

आडेभाऊंचे दिवस झाल्यावर मी तांड्यात भेटायला गेले. खरं सांगायचं तर नुसती भेटायला गेले नव्हते. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये, कुठल्यातरी कोपऱ्यात, बाबांचा आवाज असेल असं मला दोन वर्षं वाटत आलं होतं. मेलेल्या माणसाच्या घरी मी झडती घ्यायला गेले होते. सुमनबाईंनी चटई टाकली, पाणी दिलं. दोन शब्द बोलून झाल्यावर मी हळूच विचारलं, "त्यांचा कॉम्प्युटर कुठंय? म्हणजे, तो आता कोण पाहते?"

"आमच्या घरी कुठला कॉम्प्युटर बाई?" त्या म्हणाल्या. "कधीच नाही ठेवला. पोरगी केव्हाची मांगे, तरी नाही. म्हणे, घरी मशीन आली का लोकं आपली घिऊन येतीन. कोणाची मशीन त्याइनं इथं आणली नाही. लोकाइच्या घरचं लोकाइच्याच घरी राहावं म्हणे, फोटो असतेत, बायामाणसं असतेत." मग त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, आणि तो पेन ड्राइव्ह. त्याच्या बाजूला एक बारीक खटका होता. "हा लावला का याच्यात बाहेरचं काहीच जात नाही. खटका लावल्याबिगर ते घरातून निघत नोते."

मी तो खटका बोटानं चाचपून पाहिला. तेव्हाही खात्री करून घेतल्याशिवाय राहवलं नाही... मग सुमनबाईंनी विचारलं, "तुमच्या बाबाचा आवाज सापडला काय बाई?"

मी म्हटलं, "तुम्हाले कसं माहीत?"

"तुमच्या घरून आले त्या दिवशी जेवलेच नाही. लय रागात व्हते. म्हणे, बाईनं मले चोर ठरोलं. ते फिके व्हते ना, तेच खरे व्हते म्हणे. व्हायरसनं लपोले व्हते. बाईनं रविवारी सांजच्यालेच पुसले, मशीनमंदी टाइम दिसते म्हणे. त्या जागेवर भजनं उतरोली म्हणून आवाज परत निघाला नाही म्हणे. मी म्हटलं, मंग सांगून द्या ना तोंडावर! तर नाही म्हणे." सुमनबाईंनी पेन ड्राइव्ह परत पिशवीत ठेवला. "म्हणे, बापाचा आवाज हाय तो. मले चोर समजली तर बाई दोन दिस कडकड करन अन् झोपन. सोताच्या हातानं गेला हे समजलं तर जल्मभर झोपणार नाही."

मी तिथे रडले. सुमनबाई माझी समजूत घालत होत्या, आणि मी त्यांच्या घरी दुखवट्याला आले होते.

घरी आले तर मशीन तसंच होतं. लपलेलं सगळं दिसावं म्हणून त्यांनी त्या रविवारी केलेली खूण मी आजवर काढलेली नाही, त्यामुळे मशीनची स्वतःची काही लपलेली फोल्डरं अजूनही फिकट दिसतात. भाची म्हणाली, "आत्या, ते लपव ना, घाण दिसते." मी म्हटलं, राहू दे. आता मी त्या मशीनसमोर बसते तेव्हा आधी त्या फिकट फोल्डरांकडे बघते, आणि आडेभाऊ माझ्याकडे न बघता विचारत असतात, काही केलतं का म्हणून.

त्यानंतर मी त्या चारही घरी गेले. तिघांनी ऐकून घेतलं, हळहळले. चौथ्या घरच्या काकू म्हणाल्या, "बाई, आता सांगून काय फायदा? माणूस तर गेला. अन् तुमी सांगतलं ते आमी आमच्या जाऊले सांगतलं, तिनं तिच्या मायेरी सांगतलं. आता कोणाकोणाले सांगत फिरान?" त्यांचं खरं होतं. मी बोललेलं कुठवर पोचलं, ते मला शोधता येणार नाही. म्हणून हे इथे, सगळ्यांच्या समोर लिहिते आहे. प्रल्हाद आडे यांनी माझ्या घरातून काही नेलं नव्हतं, काही बिघडवलं नव्हतं. माझ्या वडिलांचा आवाज मी पुसला. त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्यांना तेव्हाच माहीत होतं.