कंडेन्सरचं पोट

उघडा रेडिओ समोर आला की त्या रेडिओ-मिस्त्रीचा डावा हात आपोआप पाठीमागे जायचा. काम एकट्या उजव्या हाताने. विचारलं तर म्हणायचा, "करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाला, तर मधात काळीज लागते, मास्तर."

दारव्ह्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून तो सायकलने यायचा. गावातले बिघडलेले रेडिओ त्याच्याच हाती. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. नवाकोरा बी.एस्सी., म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा.

एकदा शाळेचा रेडिओ बंद पडला. हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याने वायर काढली, मागचं झाकण उघडलं, आणि मी हात घालायला निघालो.

"नोका लावू! कंडेन्सर जेवून बसला हाये."

"वायर काढल्यावर करंट कुठला?"

"दोन पत्रे, मधात कागद. इकडची वीज तिकडच्या विजेले ओढते, पण कागद भेटू देत नाही. मंग दोघी तिथंच ताणून बसतात. पह्यले त्याचं पोट रिकामं करा लागते."

"विजेला पोट?" मी हसलो, आणि मुद्दामच हात घातला.

असा झटका बसला की मी मागे फेकलो गेलो आणि रेडिओ टेबलावरून खाली. आतल्या काचेच्या व्हॉल्व्हांचा चुरा झाला.

आवाज ऐकून हेडमास्तर धावत आले. "कोणी पाडला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "तांड्यावरच्या माणसाला आत घेतलं, माझंच चुकलं," म्हणाले. तो माझ्याकडे पाहत होता. तक्रार नव्हती, मी बोलेन म्हणून थांबला होता. मी दंड चोळत राहिलो.

गावभर बोभाटा झाला. लोक त्याला रेडिओ देईनात. पुढे बाजारात गाठ पडली, तेव्हा आधी त्याने माझ्या हाताचीच चौकशी केली. मग म्हणाला, "हेडमास्तरायले एक शब्द सांगसान काय, मास्तर? घरीच बसून राह्यलो."

"सांगतो," मी म्हणालो. खरंच सांगणार होतो. सोमवारी सांगू, मग परीक्षा झाल्यावर सांगू. तेवढ्यात तो बायकापोरांसह उमरखेडकडे निघून गेल्याचं कळलं. नेमकं कुठल्या गावी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

कंडेन्सर मी नंतर कित्येक वर्षं शिकवला, त्याच्याच शब्दांत. सर किती सोपं करून सांगतात, असं मुलं म्हणायची आणि मी ऐकून घ्यायचो. त्याची आज फार लाज वाटते.

हेडमास्तर आता हयात नाहीत. म्हणून तुम्हालाच सांगतो. रेडिओ मी पाडला.