वैशालीताईंच्या गाडीची रिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवळात हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. पन्नाशी उलटली माझी, जळगावात स्वतःचं गॅरेज आहे — आणि मी शाळेतल्या एका मॅडमना घाबरतो.

त्या मॅडम म्हणजे असोद्याच्या वैशालीताई. त्यांनी पुण्याहून जुनी गाडी घेतली होती. आधीच्या मालकाने तिला बाहेरून आणलेलं कॉइलओव्हर बसवलेलं — म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, आणि स्प्रिंगखाली आट्यांवर फिरणाऱ्या दोन रिंगा. वरची स्प्रिंग पेलते; खालची आवळली की वरची जागची हलत नाही. पुढच्या डाव्या चाकाची स्प्रिंग थकली होती. असलं काम मी फक्त मोबाइलवर पाहिलेलं, पण छाती ठोकून म्हणालो, जळगावात हे मीच करतो.

स्प्रिंग बसली, अगदी नीट बसली. आता गाडी जमिनीवर टेकवायची, दोन्ही बाजूंची उंची मापायची आणि मग खालची रिंग आवळायची. गाडी टेकवली, तोच ताईंचे वडील — आबा — लिंबू-नारळ घेऊन समोर उभे. बुधवार होता. "बाराले राहुकाळ लागते भो, लिंबू ठेव पटकन." आमच्याकडे मोठं काम झालं की लिंबावरून चाक गेल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही. ठेवलं लिंबू. नारळ फुटला, खोबरं वाटलं, आबांनी माझी पाठ थोपटली, आणि ताई आईला घेऊन धुळ्याला मावशीकडे निघाल्या.

आणि रिंग?

ती मला तासाभराने आठवली, जेवताना. फोन खिशात, ताईंचा नंबर फोनमध्ये. 'गाडी बाजूला घ्या, पुढे नेऊ नका' — एवढंच बोलायचं होतं ना? का नाही बोललो? चालवताना फोन कसा उचलतील, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. गल्लीभर मिरवलेलं नाव जाईल म्हणून माझी पाचावर धारण बसली होती. आणि मी डबा संपवला.

पारोळ्याच्या पुढे गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. रिंग उतरत गेली, ती बाजू खाली बसली, टायर आत घासून फुटला. ताईंना खरचटलं. आईंचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

आबांना फोन आला, त्यांना घेऊन मीच गेलो. आता जे सांगायचं आहे, तेच मघापासून टाळतोय. आबांना दवाखान्यात सोडलं आणि मी एकटाच गाडीपाशी आलो. वाकून पाहिलं — रिंगा पार खाली. रिंग फिरवायचा पाना मी सोबत नेला होता. कशाला नेला होता, सांगा? जॅक लावला, रिंगा वर चढवल्या, खालची आवळली, हाताचे डाग पुसले. दर गाडीच्या आवाजाला पाना पाठीमागे लपवत होतो.

दवाखान्यात आबांनी विचारलं, कशाने झालं? मी म्हणालो, गाडीत खोट नाही आबा, खड्डा जोरात घेतला असेल. आबा चारचौघांत ताईंना बोलले, "तुह्या हातात गाडी द्यालेच नको होती." ताई आईंची उशी सारखी करू लागल्या. मी औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो.

सहा वर्षं झाली. ताईंनी गाडी विकली, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. शाळेला एसटीने जातात. आईंचा हात वर जात नाही, त्यांची वेणी ताईच घालतात. आबांची गाडी दुरुस्तीला आली आणि मागच्या सीटवर ताई दिसल्या, की मी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीखाली शिरतो. मोबाइलवर हल्ली सगळं दिसतं. एखाद्या दिवशी त्याही अशा रिंगेचा व्हिडिओ बघतील, आणि माझ्याकडे बघतील — या विचाराने मी झोपेतून दचकून उठतो.

गेल्या महिन्यात ताई आबांच्या गाडीतून उतरून थेट माझ्यापाशी आल्या. आबा ऐकणार नाहीत अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तेव्हा गाडी तुम्ही पाहिली होती. खरं सांगा, माझंच चुकलं होतं ना?"

मी हो म्हणालो.